अक्कांची बिनविस्तवाची शेड

माझ्या नोकरीची मुलाखत एका शब्दात सुरू झाली. मी सर्टिफिकेटांची फाईल छातीशी धरून उभी होते. अक्कांनी ती उघडूनही बघितली नाही. टेबलाच्या खणातून प्लास्टिकची एक पिशवी काढली, माझ्यापुढे टाकली आणि म्हणाल्या, "फाड."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "फाडू?"

"मग काय पूजा करणार आहेस तिची? फाड की."

मी ओढली. दोन्ही हातांनी ओढली. शेवटी एक टोक चपलेखाली दाबलं आणि दुसरं जोर लावून उपटलं, तेव्हा फाटली. अक्का खुर्चीतून उठून आल्या. चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघू लागल्या.

"कुठं फाटली? जोडावर, का जोडाच्या शेजारी?"

"शेजारी."

"म्हणजे जोड चांगला आहे. आणि तू बघून सांगितलंस, अंदाजानं नाही. उद्या साडेआठला ये. फुलस्टॉप."

वडील रेल्वे वर्कशॉपात होते. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बाई जरा वेडी दिसते. पण जा. शहाण्यांच्या हाताखाली मी जन्म काढला, काय मिळालं?"

नव्वदीचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. हुबळीत गोकुळ रोडच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या शेडांची एक रांग होती, त्यातली तिसरी शेड अक्कांची. साडीच्या दुकानांना आणि बेकऱ्यांना लागणाऱ्या पॉलिथिनच्या पिशव्या आम्ही करत असू. कामाला सगळ्या बायका. अक्का पन्नाशीच्या आसपासच्या, अविवाहित. लग्न का केलं नाही, असं एकीनं धीर करून विचारलं होतं. "टायपिंगचा क्लास होता ना," अक्का म्हणाल्या, "वेळच मिळाला नाही." ते खरंच असावं. धारवाडात त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. वकिलांचे कारकून, नोकरीला लागणारी पोरंपोरी, सगळे त्यांच्याकडे शिकून गेलेले. कॉम्प्युटर आले आणि क्लास ओस पडला, तेव्हा धाकट्या भावाला भागीदार घेऊन त्या या धंद्यात आल्या. धंदा बदलला, पण बोलण्यातलं डिक्टेशन तसंच राहिलं. वाद संपवायचा असला की "फुलस्टॉप". भाऊ पैशाचं बोलू लागले की "नवा परिच्छेद". आणि एखादी फार लांबण लावू लागली की नुसतं बोट वर करून "स्वल्पविराम, श्वास घे."

पिशवी दिसली की ओढून बघायची, हे त्यांचं व्यसन. कोणाची पिशवी, हा प्रश्न त्यांना पडत नसे. देशपांडे नगरातल्या रस्त्यावरून त्या आपली एम-एटी हाकत चालल्या आहेत आणि समोरून कोणी मावशी भाजी घेऊन येत आहेत, की गाडी बाजूला लागलीच. "जरा बघू हो पिशवी." मावशी गोंधळून पिशवी पुढे करायच्या. अक्का तळाचा जोड चिमटीत धरायच्या, दोन्हीकडे ताणायच्या आणि डॉक्टरसारखी मान हलवून सांगायच्या, "ही घरापर्यंत जाईल. पण टोमॅटो वर ठेवा."

एकदा विद्यानगरात एका लग्नाला मी त्यांच्याबरोबर गेले होते. आमच्याकडे जेवणं झाली की निघताना पाहुण्याच्या हातात नारळ आणि विड्याची पानं घातलेली पिशवी देतात. वधूपिता स्वतः दाराशी उभे राहून हात जोडून पिशव्या देत होते. अक्कांनी पिशवी घेतली आणि तिथंच ओढली. जोड उसवला. नारळ खाली पडून गडगडत गेला तो थेट नवऱ्या मुलाच्या आत्याच्या पायाशी. सगळे बघू लागले. मला धरणी दुभंगावी असं झालं. अक्का मात्र वधूपित्याला गंभीरपणे म्हणाल्या, "ही आमच्याकडची नव्हे." त्या गृहस्थांनी पुढच्या लेकीच्या लग्नाला पिशव्या आमच्याकडून घेतल्या, हेही सांगायला हवं.

असं हसण्यासारखं पुष्कळ होतं. पण अक्का ज्यासाठी माझ्या मनात राहिल्या आहेत ती गोष्ट गंगव्वाच्या हातापासून सुरू होते.

पॉलिथिनची पिशवी तापलेल्या पट्टीनं चिकटवतात. मशीनला लोखंडाची लांब पट्टी असते, आतून विजेनं तापते. पायानं पेडल दाबलं की पट्टी खाली येते, प्लास्टिक वितळतं, जोड बसतो. दिवसभर तो करपट वास आणि ती धग. आम्हा सगळ्यांच्याच बोटांवर डाग असायचे. आम्ही त्यांना बांगड्यांसारखं धरून चालायचो, असतातच म्हणून. गंगव्वा आमच्यात सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चपळ. एके दुपारी करंट गेला. पट्टीखाली अडकलेला तुकडा काढायला तिनं हात घातला, आणि तिचा पाय पेडलवर घसरला. करंट गेला तरी पट्टी लगेच निवत नाही. तळहात पट्टीखाली आला.

ती ओरडली ते आजही आठवतं. अक्कांनीच तिला एम-एटीवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. एका हातानं गाडी चालवत होत्या आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरून ठेवलं होतं. हात वाचला, पण मधली दोन बोटं पुढं कधी सरळ झाली नाहीत. दवाखान्यात गंगव्वाच अक्कांची समजूत काढत होती. "इरली बिडरी, अक्का." असू द्या हो. "चुलीशी भाजतो, तसंच हे."

"चूल जेवायला लागते," अक्का म्हणाल्या. "पिशवीला विस्तव कशाला लागावा?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनना जाळीचे आडोसे बसवले. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. येईल त्याला त्या एकच प्रश्न विचारू लागल्या: विस्तवाशिवाय प्लास्टिक कसं सांधायचं? सायकलवाल्याला विचारलं, प्लास्टिकच्या बादल्या डागणाऱ्याला विचारलं, बँकेच्या मॅनेजरलासुद्धा विचारलं. भाऊ म्हणाले, "अक्का, सगळ्या जगात असंच चिकटवतात." अक्का म्हणाल्या, "सगळं जग माझ्या शेडमध्ये कामाला नाही. गंगव्वा आहे. फुलस्टॉप."

उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी त्यांना पहिल्यांदा सांगितलं, की खेळण्यांचे आणि घड्याळांचे प्लास्टिकचे भाग आवाजानं जोडतात. कानाला ऐकू येणार नाही इतक्या बारीक आवाजानं. धातूचा एक ठोकळा सेकंदाला हजारो वेळा थरथरतो आणि खालचं प्लास्टिक आपल्यातच घासून वितळतं, तेही नेमकं जोडापुरतं. ठोकळा पट्टीसारखा तापत नाही. अक्का परत आल्या त्या चप्पल न काढताच शेडमध्ये शिरल्या. "आवाज गं, आवाज!" एवढंच म्हणत राहिल्या. भावाला वाटलं, बहिणीला ऐकू येईनासं झालं.

तोवर दोन हजार साल उलटलं होतं. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांविरुद्ध बोललं जाऊ लागलं होतं आणि बाजारात नॉनवोव्हनच्या पिशव्या येत होत्या, दिसायला कापडासारख्या पण सूत नसलेल्या. त्या मालाला आमची तापती पट्टी लावली की जोड पापडासारखा कडक व्हायचा आणि दुमडला की तुटायचा. शिवायचं तर वेळ जायचा. अक्का मला घेऊन बेंगळूरला मशिनरीच्या प्रदर्शनाला गेल्या. तिथं एका कोपऱ्यात ते यंत्र होतं. शिलाई मशीनसारखंच, पण सुई नाही, दोरा नाही. खाली थरथरणारा ठोकळा, त्याला हॉर्न म्हणतात, आणि वर ठिपक्यांची नक्षी असलेलं चाक. दोघांच्या मधून कापड सरकत होतं आणि मागून ठिपक्यांची रांग उमटून बाहेर येत होतं. वास नाही, धूर नाही. अक्कांनी तो ताजा जोड गालाला लावून बघितला. कोमट होता. मग अर्थात ओढला. विकणारा पोरगा "मॅडम, मॅडम" करत राहिला. जोड सुटला नाही.

विद्यानगरातला स्वतःसाठी घेतलेला प्लॉट त्यांनी विकला आणि तशी दोन यंत्रं आणली. भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि यंत्रं चालेनात. म्हणजे चालायची, पण जोड धरायचा नाही. कधी पिशवीची एक बाजू घट्ट आणि दुसरी मोगऱ्याच्या पाकळीसारखी सुटून यायची, कधी ठिपक्यांच्या जागी भोकं पडायची. मधूनच यंत्र असं किंचाळायचं की दात शिवशिवायचे. आमच्या फाटकात वर्षानुवर्षं झोपणारा कुत्रा पहिल्याच दिवशी उठून गेला तो पलीकडच्या शेडच्या दारात जाऊन झोपू लागला. भाऊ म्हणाले, "त्याला कळलं ते तुला कळत नाही." बेंगळूरची कंपनी फोनवर सांगायची, दाब वाढवा. दुसऱ्या दिवशी सांगायची, दाब कमी करा. जुनी मशीनं अजून होती म्हणून चूल पेटत होती, पण आम्हाला दिसत होतं: हे असंच चाललं तर शेड बंद, आणि आम्ही सगळ्या घरी.

अक्का यंत्रापुढे स्टूल टाकून बसायच्या. काही न करता बघत राहायच्या. एके सकाळी त्यांनी मला विचारलं, "टाइप करताना उजवीकडची अक्षरं फिकी उमटली, तर काय समजायचं?"

"मला काय ठाऊक अक्का? मी कुठं टायपिंग शिकले?"

"रूळ वाकडा आहे असं समजायचं." आणि त्या ताडकन उठल्या. "कार्बन आण."

कार्बन पेपर त्यांच्याकडे गठ्ठ्यानं पडून होते, इन्स्टिट्यूटचे. कोऱ्या कागदावर कार्बन ठेवून त्यांनी दोन्ही चाकाखाली धरलं आणि यंत्र क्षणभर चालवलं. कागदावर ठिपके उमटले. डावीकडे काळेभोर, मधे बरे, उजवीकडे जवळजवळ काहीच नाही. चाक केसभर कललेलं होतं. अक्का तो कागद उजेडाकडे धरून किती तरी वेळ हसत होत्या. मग पाना घेतला आणि एक स्क्रू जरासा पिळून पुन्हा कागद, परत स्क्रू, परत कागद. दुपारच्या चहापर्यंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी काळी रांग उमटली. पहिली पिशवी निघाली तेव्हा त्यांनी ती स्वतः ओढली नाही. गंगव्वाला दिली. तिनं चांगल्या हातात एक टोक धरलं, दुसरं पायाखाली घेतलं आणि अंगातला सगळा जोर लावला. फाटली, पण जोडाच्या शेजारी. आम्ही अशा ओरडलो की पलीकडच्या शेडमधली माणसं धावत आली, त्यांना वाटलं पुन्हा कोणाला भाजलं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण नुसत्या नोकरीला नाही. घरी जाऊन वडिलांना ठिपक्यांचा तो जोड दाखवला. वर्कशॉपात आयुष्य गेलेला माणूस. बोट फिरवून म्हणाले, "सफाईचं काम आहे." त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मिळत नसे.

पण खरी परीक्षा पुढं होती. देशपांडे नगरातल्या एका मोठ्या साडी दुकानाचे मालक, आम्ही त्यांना शेट्टर म्हणत असू, दिवाळीच्या हंगामासाठी नॉनवोव्हन पिशव्या घेणार होते. अक्का आणि मी नमुना घेऊन गेलो. शेट्टरांनी पिशवी उलटीसुलटी केली. "शिवण नाही, खळ नाही. अक्का, हे धरतं कशानं?"

"आवाजानं."

 शेट्टरांनी नोकराला सांगून पिशवीत धर्मावरम साड्या भरायला लावल्या, काठोकाठ. अक्कांनी ती पिशवी उचलून गरागरा फिरवली, दुकानाच्या मधोमध, डोक्यावरून. गिऱ्हाइकं भिंतीला चिकटली. शेट्टर "अक्का, साड्या! साड्या!" म्हणून हात पसरून धावले. एकही साडी पडली नाही. तरीही त्यांचा जीव धजेना. अर्धी ऑर्डर आम्हाला दिली आणि अर्धी आमच्या शेजारच्या शेडच्या हिरेमठांना, जे जुन्या पद्धतीनं पट्टी तापवूनच पिशव्या करायचे, फक्त जोड रुंद ठेवायचे.

त्या वर्षी लोडशेडिंगनं कहर केला. करंट यायचा, अर्धा तास राहायचा, जायचा. हिरेमठांची पट्टी तापायलाच तेवढा वेळ लागायचा. नीट तापेपर्यंतचे जोड कच्चे निघायचे, आणि तापून चार पिशव्या बऱ्या निघतात तोच अंधार. आमच्याकडे बल्ब पेटला की पहिलीच पिशवी चांगली निघायची. तापायचं काही नव्हतंच. आम्ही बायका करंटची वाट बघत यंत्रांपाशी कापड लावून बसायचो आणि उजेड आला की कोणी न सांगता कामाला लागायचो. आमचा अर्धा माल आम्ही वेळेच्या आधी बांधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरेमठ आमच्या दारात आले. आत यायला धजत नव्हते. अक्कांचे भाऊ त्यांना बघून खूश झाले. मला हळूच म्हणाले, "आता बाकीची अर्धी ऑर्डरही आपलीच."

हिरेमठ म्हणाले, "अक्का, माल होत नाही. कापड सगळं कापून पडलंय. शेट्टरांना सांगतो, तुम्हीच घ्या उरलेलं."

अक्कांनी विचारलं, "तुमच्याकडं बायका किती?"

"तुमच्याएवढ्याच."

"त्यांना दिवाळी नाही?"

हिरेमठांनी मागं वळून आपल्या शेडकडे बघितलं.

"कापड घेऊन या. बायका घेऊन या. आमची यंत्रं मोकळीच आहेत. तुमच्या बायका, तुमचं कापड, तुमच्या नावाचा माल."

भाऊ मधे पडले. "अक्का! ही यंत्रं आपण प्लॉट विकून आणलीत. त्यांच्यासाठी?"

"नवा परिच्छेद," अक्का म्हणाल्या आणि पदर खोचून यंत्राकडे वळल्या.

पुढचे काही दिवस आमची शेड जत्रेसारखी भरलेली होती. हिरेमठांच्या बायका आधी चाकापाशी हात न्यायला कचरत होत्या. भाजेल म्हणून. गंगव्वानं एकेकीचं बोट धरून ताज्या जोडावर टेकवलं. "बघ. चपातीएवढंही गरम नाही." मग त्या हसल्या आणि कामाला लागल्या. कोणी घरून गिरमिट, म्हणजे मसाला लावलेले चुरमुरे, आणायची, कोणी मिरची भजी. करंट गेला की गाणी व्हायची, करंट आला की गाणं अर्ध्यात तुटायचं. दोन्ही शेडांचा माल एकाच टेंपोतून शेट्टरांकडे गेला, गठ्ठ्यांवर नावं वेगवेगळी. शेट्टरांनी दोन्ही गठ्ठ्यांतली एकेक पिशवी काढून ओढून बघितली. फरक सापडला नाही. चहा मागवला आणि म्हणाले, "अक्का, पुढच्या वर्षी फिरवून दाखवू नका. तशीच देतो ऑर्डर."

दिवाळी झाली आणि हिरेमठांनी कर्ज काढून तसंच यंत्र घेतलं. मग पाचव्या शेडनं, मग रस्त्यापलीकडच्या दोघांनी. प्रत्येक ठिकाणी चाक लावून द्यायला अक्का कार्बन पेपर घेऊन जायच्या. भावाची भीती खरी ठरली, हेही लिहिलं पाहिजे. सगळ्यांकडे तेच यंत्र आल्यावर आमचं वेगळेपण गेलं. दर पडले, काही ऑर्डरी शेजारी गेल्या, आमच्यातल्या दोघी-तिघी जास्त पगारावर दुसरीकडे गेल्या. एक वर्ष फार ओढगस्तीचं गेलं. मी एकदा विचारलं, "अक्का, वाईट वाटतं का?"

"वाटतं की," त्या म्हणाल्या. "भावाचं तोंड बघून वाटतं." मग म्हणाल्या, "पण त्या दवाखान्यात मला परत जावं लागलं नाही बघ. आपल्या रांगेतलं कोणीच गेलं नाही."

तोवर मी शेडची सुपरवायझर झाले होते. शेड पुढं तरली. मोठी झाली नाही, पण तरली.

खंडेनवमीला त्या रांगेत फार शोभा असायची. प्रत्येक शेडमध्ये यंत्रं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू लावायचं आणि शेजाऱ्यांना पूजेला बोलवायचं. एका वर्षी रांगेच्या शेवटी एक नवी शेड झाली होती. मालक दावणगेरेहून आलेला तरुण मुलगा. अक्का तेव्हा थकल्या होत्या, पण एम-एटी सोडत नव्हत्या. मला मागं बसवून त्या शेडोशेड कुंकू लावत शेवटच्या शेडमध्ये आल्या. मुलानं आदरानं खुर्ची दिली, हातावर चुरमुरे-बत्तासे ठेवले आणि मोठ्या उत्साहानं आपलं यंत्र दाखवू लागला.

"बघा अज्जी, याला विस्तव लागत नाही. हे आवाजावर चालतं. तुम्हाला ऐकू येणार नाही असा आवाज. चाकाखाली कार्बन धरून बघायचं, रांग सारखी उमटली की जोड पक्का. या भागात सगळे असंच करतात."

मी तोंड उघडलं. अक्कांनी खुर्चीआडून माझ्या मनगटाला असा चिमटा काढला की शब्द आतच राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शाळेतल्या मुलीसारखं मान हलवत. मधेच विचारलं, "आणि कोणाला भाजत नाही?"

"छे हो अज्जी. यात भाजायचं काय?"

"चांगलं आहे," अक्का म्हणाल्या. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही निघालो.

 परतताना अक्का गाडी चालवता चालवता गुणगुणत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं, आणि चाल कुठली होती ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आमच्या शेडचं फाटक आलं, मागं पडलं. अक्का तशाच पुढं निघाल्या होत्या, मोठ्या रस्त्याच्या दिशेनं, पदर वाऱ्यावर. मी त्यांना फाटक गेल्याचं सांगितलं नाही. जाऊ देत म्हटलं, जिथवर जायचंय तिथवर.